टिप्पणीसह संदर्भसूची : अभ्यासाची कीर्द-खतावणी

पदवी शिक्षणाचे स्वरूप गेल्या काही वर्षांत बरेच पालटले आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आला. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी 12 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करण्याची वाट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याने मोकळी केली. व्यापारी घरांतील मुले आणि मुलीही आता या वाटेने मोठ्या संख्येने जात आहेत, आणि काही जण परदेशातील महाविद्यालयांत शिकत आहेत. प्रकल्पाच्या प्रारंभीच त्यांच्यासमोर एक अपरिचित काम येते. प्राध्यापक सांगतात, ‘विषयावरील दहा-पंधरा ग्रंथांची आणि लेखांची टिप्पणीसह संदर्भसूची सादर करा.’

घरातील वडीलधाऱ्यांना हा शब्दप्रयोग नवा वाटतो आणि या कामात आपला काही उपयोग नाही, असा त्यांचा समज होतो. वस्तुतः ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वह्या लिहिल्या गेल्या, त्या घराला या कामाचे मर्म इतरांपेक्षा लवकर उमगायला हवे. कोणती रक्कम कोणाकडून, कोणत्या तिथीला, कशापोटी आली, याची नोंद नसेल तर हिशेब कितीही सुबक असला तरी तो ग्राह्य धरला जात नाही. ज्ञानाच्या व्यवहारातही हाच नियम आहे. विचार कोठून घेतला हे सांगता आले नाही, तर तो उसना असूनही स्वतःचा म्हणून जमेस धरल्यासारखे होते.

दोन अंगे : नोंद आणि टिप्पणी

साधी संदर्भसूची म्हणजे वापरलेल्या साधनांची यादी. टिप्पणीसह सूचीत प्रत्येक नोंदीखाली एक छोटा परिच्छेद असतो. त्याची लांबी सामान्यतः 100 ते 200 शब्द असते. नोंद सांगते, हे साधन कोणते आणि ते कोठे सापडेल. टिप्पणी सांगते, त्यात काय आहे, ते किती विश्वसनीय आहे आणि या अभ्यासात त्याचा उपयोग काय.

टिप्पणीचे दोन प्रकार मानले जातात. वर्णनात्मक टिप्पणी आशयाचा सारांश देते. मूल्यमापनात्मक टिप्पणी त्यापुढे जाऊन लेखकाचा अधिकार, त्याने वापरलेले पुरावे, त्याच्या मर्यादा आणि इतर ग्रंथांशी असलेले त्याचे नाते तपासते. पदवीच्या वरच्या वर्गात बहुधा दुसऱ्या प्रकाराची अपेक्षा असते. कोणता प्रकार हवा, किती शब्द हवेत आणि कोणती पद्धत वापरायची, हे तीन प्रश्न प्राध्यापकांना पहिल्याच दिवशी विचारून घ्यावेत. पुष्कळ गुण येथेच वाचतात.

प्राध्यापक हे काम निबंधाच्या आधी का मागतात, तेही लक्षात घ्यावे. सूचीत पंधरा नावे भरणे अवघड नाही; पंधरा टिप्पण्या लिहायच्या तर पंधरा साधने हातात घेऊन वाचावी लागतात. ज्याने ही वाचली, त्याला आपल्या विषयावर कोण काय म्हणून गेले आहे आणि कोणता प्रश्न अजून शिल्लक आहे, हे दिसू लागते. प्रकल्पाचा विषय बहुधा या शिल्लक प्रश्नातूनच आकार घेतो.

तीन पद्धती

नोंद लिहिण्याच्या तीन पद्धती जगभर रूढ आहेत. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची नियमपुस्तिका 1906 साली प्रथम प्रसिद्ध झाली. इतिहासाच्या अभ्यासकांचा कल तिच्याकडे असतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे ‘एपीए’ पद्धत 1929 मध्ये एका नियतकालिकातील सात पानी लेखाच्या रूपाने सुरू झाली. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि व्यवस्थापन या विषयांत ती चालते. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची, म्हणजे ‘एमएलए’ पद्धत 1951 पासून भाषा आणि साहित्याच्या वर्गांत स्थिरावली. सध्या शिकागोची अठरावी, एपीएची सातवी आणि एमएलएची नववी आवृत्ती प्रचारात आहे.

फरक कोठे पडतो, हे एका ग्रंथावरून समजून घेणे सोयीचे. डॉ. विलास सांगवे यांचा ‘जैन कम्युनिटी : अ सोशल सर्व्हे’ हा जैन समाजाच्या समाजशास्त्रीय अभ्यासातील पायाभूत ग्रंथ. तो प्रथम 1959 मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला आणि 1980 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. दुसरी आवृत्ती हाती असेल तर तिची नोंद अशी होईल.

एमएलए : सांगवे, विलास ए. ‘जैन कम्युनिटी : अ सोशल सर्व्हे’. दुसरी आवृत्ती, पॉप्युलर प्रकाशन, 1980.

एपीए : सांगवे, वि. ए. (1980). ‘जैन कम्युनिटी : अ सोशल सर्व्हे’ (दुसरी आवृत्ती). पॉप्युलर प्रकाशन.

शिकागो, सतरावी आवृत्ती : सांगवे, विलास ए. ‘जैन कम्युनिटी : अ सोशल सर्व्हे’. दुसरी आवृत्ती. मुंबई : पॉप्युलर प्रकाशन, 1980.

एपीएमध्ये वर्ष लेखकाच्या नावामागोमाग येते, कारण विज्ञानशाखांत संशोधन किती ताजे आहे, हे आधी पाहिले जाते. एमएलए वर्ष शेवटी ठेवते. शिकागोच्या सतराव्या आवृत्तीपर्यंत प्रकाशनस्थळ द्यावे लागे. अठराव्या आवृत्तीने ते वगळण्याची मुभा दिली आहे. इंग्रजी नोंदीत ग्रंथाचे नाव तिरप्या ठशात देतात, आणि एमएलए व शिकागो पद्धतींत नियतकालिकातील लेखाचे नाव अवतरणचिन्हांत देतात. या तिन्हींपैकी एक पद्धत निवडल्यावर पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत तीच पाळायची, हा नियम सर्वांत महत्त्वाचा. एका वहीत दोन पद्धतींनी हिशेब लिहिला तर तपासनीस संपूर्ण वहीकडेच संशयाने पाहतो.

पानाची मांडणी

कागदाच्या चारही बाजूंना एक इंच समास, ओळींमध्ये दुहेरी अंतर आणि नोंदी आडनावाच्या अकारविल्हे क्रमाने, ही सर्वसाधारण मांडणी. नोंदीची पहिली ओळ समासाला लागून सुरू होते आणि पुढील ओळी अर्धा इंच आत जातात. खतावणीत खातेदाराचे नाव डावीकडे ठळकपणे दिसावे, तसे लेखकाचे नाव एका दृष्टिक्षेपात सापडावे, हा त्यामागचा हेतू. संगणकावर हे काम जागा सोडण्याची कळ वारंवार दाबून करू नये. एक शब्द बदलला की सारी रचना विस्कटते. वर्डमध्ये परिच्छेदाच्या मांडणीत ‘हँगिंग’ हा पर्याय निवडून अर्धा इंच माप दिले की पुरे.

टिप्पणी नोंदीखाली नव्या ओळीवर सुरू करावी. एपीएमध्ये टिप्पणीचा संपूर्ण परिच्छेद अर्धा इंच आत असतो. एमएलएमध्ये तो एक इंच आत घेतात, म्हणजे नोंदीच्या आत गेलेल्या ओळींपासून तो वेगळा दिसतो.

मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही साधने असतील तर भाषांनुसार दोन विभाग करणे सोयीचे, कारण दोन लिप्यांचे वर्णक्रम एकत्र बसत नाहीत. तसे करण्यापूर्वी मार्गदर्शकांची संमती मात्र घ्यावी.

आपल्याकडील ग्रंथांच्या अडचणी

परदेशी नियमपुस्तिका समोर ठेवून काम करताना जैन विषयांवरील साधनांच्या बाबतीत काही वेगळ्या अडचणी येतात.

पहिली अडचण नावांची. साधूंच्या नावात आडनाव नसते. सिंघी जैन ग्रंथमालेचे संपादक मुनी जिनविजय यांची नोंद ‘ज’ या अक्षराखाली ‘जिनविजय, मुनी’ अशी होईल. ‘मुनी’ किंवा ‘आचार्य’ ही पदे आडनाव समजून ‘म’ अथवा ‘आ’ खाली नोंद केली, तर एकाच अक्षराखाली साऱ्या संघाची गर्दी होईल आणि शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही.

दुसरी अडचण कालगणनेची. जुन्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर विक्रम संवत किंवा वीर निर्वाण संवत छापलेला असतो. विक्रम संवतातून 57, आणि वर्षाच्या काही महिन्यांत 56, वजा केले की इसवी सन मिळतो. वीर निर्वाण संवतातून कार्तिक ते डिसेंबरअखेर 527 आणि त्यानंतर 526 वजा करावे लागतात. शक वर्षात 78 मिळवावे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत 79. महिना छापलेला नसेल तर अचूक सन ठरवता येत नाही. अशा वेळी मुखपृष्ठावरील संवत तसाच द्यावा आणि त्यापुढे चौकटी कंसात दोन्ही संभाव्य सन लिहावेत. मुखपृष्ठावर वर्षच नसेल, तर ‘प्रकाशनवर्ष नाही’ असे नमूद करावे. अंदाजाने आकडा भरू नये.

तिसरी अडचण मूळ ग्रंथ, संपादन आणि अनुवाद यांची. आग्र्याचे व्यापारी आणि कवी बनारसीदास यांनी विक्रम संवत 1698 मध्ये, म्हणजे 1641 साली, ‘अर्धकथानक’ हे पद्यमय आत्मचरित्र लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य 110 वर्षांचे मानून आपल्या 55 वर्षांची ही अर्धी कथा, असा त्या नावाचा अर्थ. व्यापारात आलेली खोट, वाटेवरचे प्रसंग, अपत्यांचे मृत्यू यांचे त्यात मोकळे निवेदन आहे, म्हणून मोगलकालीन व्यापारी जीवनाचे ते अमोल साधन ठरते. मुकुंद लाठ यांनी ‘हाफ अ टेल’ या नावाने त्याचा अभ्यासपूर्ण इंग्रजी अनुवाद केला. तो 1981 मध्ये जयपूरच्या राजस्थान प्राकृत भारती संस्थानाने प्रसिद्ध केला. रोहिणी चौधरी यांचा अनुवाद 2009 मध्ये पेंग्विनने काढला. विद्यार्थिनीने लाठ यांचा अनुवाद वाचला असेल तर नोंदीत बनारसीदासांच्या जोडीने लाठ यांचे नाव आणि 1981 हे वर्ष आलेच पाहिजे. केवळ ‘बनारसीदास, 1641’ असे लिहिणे म्हणजे आपण मूळ पोथी वाचली, असा आभास निर्माण करणे होय. हाती जे होते त्याचीच पावती फाडावी, हा येथील नियम आहे.

बरी टिप्पणी आणि पोकळ टिप्पणी

समजा, वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थिनीने ‘व्यापारातील पत आणि दानधर्म’ हा विषय घेतला आहे. जेम्स लेडलॉ यांचा ‘रिचेस अँड रिनन्सिएशन’ हा 1995 मध्ये ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने काढलेला ग्रंथ तिच्या सूचीत आहे. घाईत लिहिलेली टिप्पणी अशी असेल : ‘हा जैन समाजावरील अतिशय माहितीपूर्ण ग्रंथ असून लेखकाने सखोल अभ्यास केला आहे. प्रत्येकाने तो अवश्य वाचावा.’

या दोन वाक्यांत चूक एकही नाही. पण ती कोणत्याही ग्रंथाखाली चिकटवता येतील. ग्रंथ न उघडता लिहिता येते अशी टिप्पणी परीक्षकाला पहिल्या ओळीतच ओळखू येते. वाचून लिहिलेली टिप्पणी पुढीलप्रमाणे असेल.

‘जयपूरमधील श्वेतांबर जैन कुटुंबांत केलेल्या प्रत्यक्ष क्षेत्रकार्यावर हा मानववंशशास्त्रीय ग्रंथ आधारलेला आहे. रत्नव्यापारात समृद्ध झालेला समाज त्यागाचा आदर्श दैनंदिन जीवनात कसा सांभाळतो, हा त्याचा मध्यवर्ती प्रश्न आहे. पूजा, उपवास आणि दान यांचे विवेचन निरीक्षणातून आले असल्याने ते केवळ शास्त्रग्रंथांवर विसंबत नाही. सांगवे यांचे सर्वेक्षण संपूर्ण भारतातील समाजाचा आढावा घेते, तर हा ग्रंथ एकाच शहरात खोलवर जातो. दक्षिण महाराष्ट्रातील दिगंबर शेतकरी आणि व्यापारी कुटुंबे त्याच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून त्याचे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. प्रस्तुत प्रकल्पात दान आणि प्रतिष्ठा यांचा संबंध मांडताना त्याचा आधार घेतला जाईल.’

सात वाक्यांत सहा कामे झाली : पुरावा कोणता, प्रश्न कोणता, बलस्थान कोणते, दुसऱ्या ग्रंथाशी नाते काय, मर्यादा काय आणि उपयोग काय. पंधरा नोंदींसाठी हीच सहा सूत्रे पुरतात. मात्र प्रत्येक टिप्पणी त्याच साच्यात ओतलेली दिसू नये, एवढे भान ठेवावे.

उसनवारीची नोंद

येथे एक गंभीर विषय येतो. टिप्पणी लिहिण्यासाठी ग्रंथाच्या मलपृष्ठावरील मजकूर किंवा लेखाच्या आरंभीचा सारांश उचलणे हा सोपा मार्ग वाटतो. शब्द थोडे फिरवले तरी तो दुसऱ्याचाच असतो. न दिलेले घेऊ नये, हे व्रत ज्या घरांत लहानपणापासून कानी पडते, तेथे या गोष्टीला वेगळे स्पष्टीकरण नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनी प्रबंधातील वाङ्मयचौर्याच्या पायऱ्याही ठरविल्या आहेत. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. 10 ते 40 टक्के असल्यास सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. 40 ते 60 टक्क्यांसाठी वर्षभर सादरीकरणास मनाई होते, आणि 60 टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी एक नवा धोका आणला आहे. विषय सांगताच ही साधने क्षणात पंधरा नोंदी टिप्पण्यांसह लिहून देतात. त्यातील काही ग्रंथ अस्तित्वातच नसतात. लेखकाचे नाव खरे, प्रकाशक खरा, पण ग्रंथ काल्पनिक, अशी सरमिसळही आढळते. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दोन वकिलांनी अशा साधनाने रचलेले, कधीच न झालेले न्यायनिवाडे दाखल्यादाखल सादर केले. न्यायाधीशांनी त्यांना आणि त्यांच्या संस्थेला 5,000 डॉलरचा दंड केला. अनुभवी वकिलांची ही गत, तर विद्यार्थ्याचे काय? खोट्या हुंडीवर एकदा नाव लागले की बाजारात पत परत यायला फार काळ लागतो. विद्यार्थ्याची पतही तशीच असते, आणि ती पहिल्याच वर्षी गमावणे परवडणारे नसते.

यंत्राची मदत घेऊच नये, असे नाही. 2006 पासून उपलब्ध असलेला ‘झोटेरो’ हा विनामूल्य संगणकीय कार्यक्रम नोंदी साठवतो आणि हव्या त्या पद्धतीत मांडून देतो. तरीही प्रत्येक नोंद ग्रंथाच्या मुखपृष्ठाशी ताडून पाहावी, कारण मूळ माहितीत चूक असेल तर यंत्र ती सुबकपणे पुढे नेते.

परंपरा आणि घरातील साधने

ही शिस्त पाश्चात्त्यांकडूनच आली, असे समजण्याचे कारण नाही. ज्ञानभांडारांतील हस्तलिखितांच्या शेवटी पुष्पिका असते. पोथी कोणी लिहिली, कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणासाठी आणि तिचे ग्रंथाग्र किती, याची नोंद लेखनिक करून ठेवीत. या भांडारांच्या याद्या एकत्र करून ह. दा. वेलणकर यांनी ‘जिनरत्नकोश’ सिद्ध केला आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने तो 1944 मध्ये प्रकाशित केला. जैन ग्रंथ आणि ग्रंथकार यांची ही वर्णानुक्रमी सूची आजही अभ्यासकाला चाळावी लागते. शेकडो अनाम लेखनिकांनी आपली नोंद प्रामाणिकपणे केली, म्हणूनच ती तयार होऊ शकली.

असेच एक साधन पुष्कळ घरांत माळ्यावर पडून असते. आजोबा-पणजोबांच्या काळातील चोपड्या, रोजमेळ, आडतीची पत्रे आणि हुंड्या हे व्यापाराच्या इतिहासाचे प्राथमिक साधन आहे. त्यांचीही नोंद सूचीत करता येते : कागदपत्राचे स्वरूप, पेढीचे नाव, गाव, संवत आणि सध्या ते कोणाच्या संग्रही आहे. टिप्पणीत पानांची संख्या, लिपी मोडी की महाजनी, कोणत्या वर्षांचे हिशेब सलग आहेत आणि कोणते गहाळ, हे लिहावे. त्यातील देणेकऱ्यांची नावे उघड करण्यापूर्वी घरच्यांची संमती घ्यावी आणि शक्यतो नावे गाळावीत. दिवाळीच्या साफसफाईत अशा वह्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची साधी यादी जरी झाली, तरी एका प्रकल्पाचे भांडवल वाचेल. मोडी वाचणारे कोणी वडीलधारे घरात असतील, तर त्यांचा या कामातील वाटा विद्यार्थ्यापेक्षाही मोठा ठरेल.

वेळेचे नियोजनही आधी करावे. तीन आठवड्यांची मुदत असेल तर पहिल्या आठवड्यात ग्रंथालयात बसून पंचवीस साधने चाळावीत आणि त्यातून पंधरा निवडावीत. दुसऱ्या आठवड्यात रोज दोन-तीन साधने वाचून त्याच दिवशी टिप्पणी लिहावी. तिसरा आठवडा अकारविल्हे क्रम, विरामचिन्हे आणि समास तपासण्यासाठी राखावा. वाचताना पृष्ठक्रमांक तेथल्या तेथे टिपून ठेवावा. दुकानातील कीर्द रोजच्या रोज लिहिली जाते, ती याच कारणासाठी. महिन्याअखेरीस आठवून लिहिलेली रक्कम जुळत नाही.

सूची पूर्ण झाल्यावर विद्यार्थ्याने ती घरातील एखाद्या जाणत्या व्यक्तीला वाचून दाखवावी. त्या व्यक्तीने विषय समजला की नाही याची चिंता न करता प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारावा : ‘हे पुस्तक तू स्वतः पाहिलेस का?’ ज्या नोंदीला ‘होय’ असे उत्तर निःशंकपणे येणार नाही, ती नोंद त्याच क्षणी काढून टाकावी. पंधरांऐवजी बारा नोंदी उरल्या तर चार-दोन गुण जातील; पण उरलेल्या बारा नोंदी परीक्षकाने कोठेही तपासल्या तरी खऱ्या निघतील.